चिवड्याच्या डब्यातली हवा

विज्ञानाला शास्त्रज्ञांइतकीच त्यागी नागरिकांचीही गरज असते, असं माझं मत आहे. गेल्या वर्षी मी विज्ञानासाठी बैठकीच्या खोलीतला एक हूक दिला.

बँकेच्या नोकरीने मला साताऱ्याहून लखनऊला आणलं आणि निवृत्तीनंतर तिथल्याच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एका तळमजल्यावर बसवून ठेवलं. पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने आमच्या सेक्टरमधली बारा घरं निवडली, त्यातलं एक आमचं. तिचे वडील हवाई दलात, घर शहराबाहेर, बख्शी का तालाबला. मुलगी मराठी, तिला सगळं मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

तिचा विषय रेडॉन. जमिनीतून हा वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. बंद घरात साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाला घातक ठरतो. तो मोजायला तिने आणला होता प्लास्टिकचा एक छोटा कप. तोंडावर गाळणकागद, आत नखाएवढा फिल्मचा तुकडा. ना वायर, ना सेल. वायूतून सुटलेले कण फिल्मवर बारीक खुणा उमटवतात. तीन महिन्यांनी फिल्म कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली खुणा मोजायच्या. तोवर कपाने काही करायचं नाही, नुसतं लटकायचं. मला तो पाहताक्षणीच जवळचा वाटला.

एक कप तिने हुकाला टांगला, दुसरा तुळशीजवळच्या मातीत उपडा पुरला आणि बोअरचं पाणी बाटलीत भरून घेतलं.

"काका, बस तीन महीने इसे छेड़ना मत."

"अगं, बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्यात मी. हे काय!"

"संभालना नहीं है, काका. बस रहने देना है."

मी हसलो. हल्लीच्या मुलांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही, असं मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पूजेला मांडतात. माझ्या घरात हत्यारं म्हणजे बायकोचं शिवणयंत्र, अडकित्ता, एक पाना आणि माझं पेन. मी तसा देवधर्मातला नाही. पूजा चालू असताना पेपर वाचतो, आणि वाचतोय हे सगळ्यांना दिसेल असा वाचतो. पण त्या दिवशी मला सुचलं की पाटावर आधुनिक उपकरणही हवं. मी स्टूल घेतलं आणि कप उतरवला.

"तिने हात लावू नका सांगितलंय ना?" बायको म्हणाली.

"हा विज्ञानाचा मान आहे."

"विज्ञानाला विचारलंत का?"

कपाशेजारी झेंडू ठेवला. पूजा झाली, आणि पेढ्याच्या वासाने पाटावर मुंग्यांची रांग लागली. पूजेला लावलेली वस्तू दसऱ्यापर्यंत वापरायची नाही, ही रीत मला एकदम पटली. कप मी चिवड्याच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला. झाकणाला रबर होतं. दसऱ्यानंतर रंगारी आले, घरभर धूळ झाली; कप डब्यातच ठेवला. मग आम्ही दिवाळीला साताऱ्याला गेलो, तेव्हाही डब्यातच. परत आल्यावर बायकोने विचारलं, "तो टांगायचा नाही का?"

"डबा त्याच खोलीत आहे ना? मग हवा तीच," मी म्हणालो. हे वाक्य मी जसंच्या तसं इथे देतोय, कारण ते म्हणताना मला स्वतःचा आदर वाटला होता.

मुलगी येणार त्या सकाळी कप हुकाला परत बांधला. तिने तो उतरवला, मातीतला उकरला आणि विचारलं, "हिलाया तो नहीं ना?"

"धूळसुद्धा बसू दिली नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. बारा घरांत आमचा आकडा सगळ्यात कमी होता. कमी म्हणजे जवळजवळ नाहीच. मी पार्कात सकाळच्या फेरीत ही गोष्ट सांगितली, मग परत सांगितली. शेजारच्या निवृत्त इंजिनिअरनी विचारलं, "भाईसाहब, आप करते क्या हैं?" मी त्यांना समोरासमोरच्या खिडक्यांचं महत्त्व समजावलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवली आणि त्यांना सर्दी झाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. आवाज बसलेला.

"काका, आपकी मिट्टी में इतना रेडॉन है, और कमरे में कुछ नहीं. गाइड सर कह रहे हैं, मेरी धुलाई ही गड़बड़ है. बारह फिल्में एक साथ धोई थीं. सब फेंकनी पड़ेंगी."

"मग परत टांग की."

"सर्दी तो गई. अब अगली सर्दी में. और मई में पापा की पोस्टिंग दूसरे शहर हो रही है."

मी "अरेरे" म्हणालो आणि फोन ठेवला. तिचं वर्ष जात होतं आणि मला पार्कात सांगितलेल्या त्या खिडक्या आठवत होत्या. थोडा वेळ मी खरोखरच असा विचार केला की धुलाईत चूक असूही शकते.

बायको कणीक मळत होती. "तुम्ही सांगता की मी सांगू?" तिने हात धुवायला घेतले.

मी फोन लावला.

"तो कप डब्यात होता," मी म्हणालो.

"डब्बा? कौन सा डब्बा?"

"चिवड्याचा."

"ढक्कन लगा के?"

"घट्ट. रबर आहे त्याला."

"कब से?"

"खंडेनवमीपासून. तू आलीस त्या सकाळपर्यंत."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. "मतलब मेरी धुलाई ठीक है," ती म्हणाली. मग ती आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत एक अख्खं वाक्य बोलली. "काका, तुम्ही माझं डोकं खाल्लंत."

तिने मला नंतर समजावलं. हवा न लागलेल्या फिल्मवरही थोड्या खुणा मुळातच असतात; त्या मोजणीत धरायच्या नसतात. त्या किती, हे कळायला एक-दोन फिल्मा मुद्दाम बंद ठेवाव्या लागतात. तिने ठेवलेल्या होत्याच; हुकावरची पहिली रात्र सोडली तर आमचीही तशीच निघाली, म्हणून तिने तीही त्यांत धरली.

प्रबंध वेळेवर गेला. त्यात अकरा घरं आहेत. प्रत्येक घराच्या आकड्यातून आधी आमचा वजा केला आहे.