पाच अक्षरांची पट्टी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय? कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल, म्हणून सरळ लिहितो.

मी जमीन मोजणीचं काम करतो. राहायला भोरला, मूळ गाव वेल्ह्यातलं पासली. माझं माप चुकत नाही, असं गावात मानतात. चुकतही नाही. ही बढाई नाही — पुढं त्याचा संबंध येणार आहे.

सहा वर्षांपूर्वी भाताची झोडणी उरकल्यावर गावच्या घरी जेवण होतं. पुण्याहून माझे धाकटे साडू नव्या गाडीतून आले. बुटकी, रुंद गाडी. सुरू केली की मांडणीवरची भांडी वाजायची. मागं डिकीवर एक चकचकीत पट्टी, तिच्यावर ‘टर्बो’ — पाच इंग्रजी अक्षरं. अंगणात सगळ्यांसमोर ते म्हणाले, “दादा, हिचा वेग मोजायला तुमची टेप पुरायची नाही!” सगळे हसले. मीही हसलो.

पंगत बसण्याआधी मी फडक्यानं गाडीवरची धूळ पुसत होतो. पट्टीचं एक टोक सुटलेलं होतं. दाबलं असतं तर बसलं असतं. मी नख घातलं — आणि ओढलं. त्या हसण्यामुळं? असेल. दुसरं काही सापडत नाही. पट्टी टेपच्या पिशवीत टाकली, हात धुतले, जेवायला बसलो.

चारच्या सुमाराला साडूंच्या लक्षात आलं. “इथं कोण आलं होतं?”

मी खोटं बोललो का? नाही. म्हणालो, “धोंडिबा होते. सत्तावीस शेरडं. गाडीपाशी वीस मिनिटं थांबले होते.” आकडा न् आकडा खरा.

धोंडिबा वरच्या धनगरवाड्यातले. आमच्याकडं रोज दूध घालायचे, आमच्या अंगणातूनच खाली उतरायचे. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, “व्हय, मोजणीसाहेब म्हंत्यात तेवढा येळ बसलो व्हतो सावलीला. पर हात न्हाई लावला. मला वाचाया येत न्हाई, ती अक्षरं घिऊन म्या काय करू?”

“भंगारात घालशील!” कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. त्या हशात माझा आवाज होता की नव्हता — हे मात्र मला नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी त्यांचं दूध बंद केलं. अंगणातली वाट बंद झाली. ते कड्याच्या बाजूनं उतरू लागले. अंगणातून तीनशे पावलं, तिकडून अकराशे. मी चालून मोजली आहेत. मोजून काय केलं? काही नाही.

महिन्याभरानं साडू नवी अक्षरं घेऊन भोरला आले. या खेपेला अक्षरं सुटी होती, एकेक चिकटवायची. “हे काम तुमच्याच हातचं,” म्हणाले. आदल्या दिवशी त्यांचा फोन आल्यावर मी पिशवीतली जुनी पट्टी काढून अक्षरांमधलं अंतर उतरवून घेतलं होतं. जुना गोंद पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला, कागदी चिकटपट्टीनं रेघ धरली, अक्षरं बसवली. साडूंनी मोबाईलमधल्या जुन्या फोटोशी ताडून पाहिलं.

“मिलिमीटरचा फरक नाही! माप कुठून घेतलंत?”

“अंदाजानं.”

सगळ्या प्रकरणात शब्दशः खोटं एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात धोंडिबा भोरला माझ्या दारात आले. भाच्याशी बांधावरून वाद होता. म्हणाले, “तुमी मोजा. तुमचं माप खोटं नसतंय. त्या टायमाला बी तुमी वीस मिनिटंच सांगितली व्हती. दुसऱ्या कुणी तासभर सांगितला असता.”

मी गेलो. त्यांनी स्वतः खुंटी धरली. पिशवीत हात घातला तेव्हा पट्टी बोटाला लागली — ती अजून तिथंच आहे. मी तिच्याखालून टेप ओढून काढली, शून्याचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि मागं मागं चालत गेलो.