डाव्या पायाचा तोडा

मलकापूरच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले, मी बसून राहिलो. स्टँडमागच्या गल्लीत माझा थोरला भाऊ राहतो. त्याच्या गल्लीच्या तोंडावर चहा प्यायचीही माझी तयारी नव्हती.

मांडीवरच्या पिशवीत आईचा चांदीचा तोडा होता. आई गेल्यावर दोन तोड्यांतला एक दादानं ठेवला, एक मला दिला. घरी आणून पाहतो तर पीळ उलटा. हातगाडीवर भांडी विकत मी कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान उभं केलंय. स्क्रूचे आटे सरळ की उलटे, हे मी डोळे मिटून सांगतो. दादाच्या तोड्याचा पीळ सरळ होता, तो मी पाहिला होता. सोनाराच्या हातून चुकलेला दादानं माझ्या गळ्यात मारला होता. त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याला बारा वर्षं झाली.

आता पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न. तिला आजीचे तोडे घालायचेत. दादाला पत्रिकाही पाठवली नव्हती, तोडा कुठून मागणार? रत्नागिरीत हातानं तोडे घडवणारे एक जुने कारागीर आहेत, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. हा तोडा आटवायचा, वर चांदी घालायची आणि सरळ पिळाची नवी जोडी करून घ्यायची, असा बेत होता.

आंबा घाट उतरला तशी हवा जड झाली. पालीच्या पुढं दोन्ही बाजूंना गडगे (चिऱ्यांचे बुटके बांध) आणि आत मोहरानं पिवळसर दिसणारी कलमं. एसटीतही तो वास येत होता. रत्नागिरीला उतरल्यावर रिक्षावाल्याशी भांडलो, जिंकलो, आणि त्यानं मला दोन गल्ल्या अलीकडं सोडून हिशेब चुकता केला. एका खानावळीत बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं कालवण) जेवलो. तिरफळ दाताखाली आलं आणि जीभ बधिर झाली. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिरफळ चघळायचं नसतं हो, बाजूला काढायचं!" आधी सांगितलं असतं तर?

त्या कारागिराचं, दत्ताकाकांचं, दुकान म्हणजे घराची ओटीच. सत्तरी ओलांडलेले काका ऐरणीपाशी बसलेले, आणि त्यांची सून मेघना जंत्रीतून (लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी) चांदीची तार ओढत होती. पाय पट्टीला टेकवून, पकडीनं तारेचं टोक धरून ती सगळं अंग मागं झोकायची. मग तार निखाऱ्यावर लालसर करून पाण्यात बुडवायची. "मऊ केली नाय तर तुटते," ती म्हणाली.

मी पिशवीतून तोडा आणि माझा छोटा वजनकाटा काढला.

"काटा आणलात?" काका हसले. "मासे घ्यायला जायचंय काय?"

"व्यवहार तो व्यवहार. हा आटवा आणि सरळ पिळाची जोडी करा."

चांदी वितळवायची मूस भट्टीत तापत होतीच. काकांनी तोडा उचलला, चष्मा कपाळावर नेला, आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तोडा पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"हा मी आटवायचा नाय."

"का? चुकलेला माल आहे. उलटा पीळ दिसत नाही?"

"चुकलेला नाय. डावा आहे."

माझं डोकं फिरलं. "मला धंदा शिकवू नका. काम नको असेल तर तसं सांगा!"

"ओरडू नका, भट्टी पेटलेलीच आहे," काका म्हणाले. "तुमची डावी चप्पल उजव्यासारखी नाय म्हणून फेकता काय? सूनबाय, दाखव गो ह्यांना."

मेघनानं दोन-दोन तारा घेऊन एक जोडी उजवीकडं पिळली, दुसरी डावीकडं. दोन्ही तुकडे वाकवून तिनं आपल्या पायांपुढं जमिनीवर ठेवले. दोन्ही पीळ तिरके होत मधल्या रेघेकडं आले, नमस्काराच्या हातांसारखे. मग आणखी एक तुकडा उजवीकडं पिळून तिनं दोन्ही उजव्या पिळाचे ठेवून दाखवले. एक पाय सरळ, दुसरा रुसल्यासारखा.

मी आईचा तोडा उलटा धरला, पालटा धरला. पीळ बदलेना.

"बदलायचा नाय," काका म्हणाले. "आणि ही झीज बघा. फक्त आतल्या अंगाला. हा एकटा नाय झिजलेला, दुसऱ्याशी घासून झिजलाय. दुसरा कुठं आहे?"

काटा पिशवीत ठेवायला मला बराच वेळ लागला. "मलकापूरला," मी म्हणालो.

त्यांनी रिठ्याच्या पाण्यात तोडा घासून दिला. मेघनानं त्या उजव्या-डाव्या दोन तुकड्यांची मुलीसाठी पायाच्या बोटांतली वेढणी करून दिली. मजुरीत घासाघीस केली, तर ती म्हणाली, "मुंबईच्या बायका फोनवर ऑर्डर देतात, त्याही एवढं करत नायत!" तिचं खरं असावं. भिंतीवर पुढच्या दोन महिन्यांच्या कामाची यादी लटकत होती. दर तिनं सोडला नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी परतताना मलकापूरला एसटी थांबली. मी उतरलो.

दादा गोठ्यात दावं वळत बसला होता. मी तोडा पुढं केला. तो आत जाऊन दुसरा घेऊन आला. दोन्ही पायरीवर शेजारी ठेवले. कारागिरानं सांगितलेलं मी सांगितलं. चप्पलसुद्धा.

दादानं हातातलं दावं वर धरलं. "हा पीळ बघ. तुझ्या तोड्यासारखा आहे. मी रोज हाच वळतो, म्हणून मला वाटायचं, चुकलेला माझ्याकडं राहिला. आणि वर शिव्या तूच दिल्यास!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुणाला बोलू देतोस व्हय रं?"

बारा वर्षं माझी एक गोष्ट बरोबर होती. आटे मी बरोबर ओळखले होते. पाय दोन असतात, तेवढं विसरलो होतो.

चहा घेताना मी मुलीच्या लग्नाचं आणि तिच्या हट्टाचं सांगितलं, तसा दादानं आपला तोडाही माझ्या हातात दिला. निघताना दादा म्हणाला, "लग्न झालं की माझा आणून दे."

मी तोंड उघडलं ते सवयीनं, घासाघीस करायला. मग म्हणालो, "तूच ने. लग्नाला येशील तेव्हा."

कोल्हापूरपर्यंत दोन्ही तोडे एकाच फडक्यात बांधलेले होते. गाडी आदळली की एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येई. मध्ये कापड घालावं, असं एकदा मनात आलं. नाही घातलं. झिजू देत.