साल चार आकड्यांत

परभणीकडून मुरुडला आले तेव्हा माझं शिक्षण आठवीपर्यंत, आणि समुद्र पहिल्यांदाच बघत होते. मच्छीमार सोसायटीत होड्यांच्या परवान्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळालं. परवाना संपायची तारीख रजिस्टरात जशी असेल तशीच टाकायची. साल दोनच आकडी. आपल्या मनानं टिंबसुद्धा बदलायचं नाही, हा माझा नियम. चुकले तर लोक म्हणणार, आठवीवालीच ती!

पावसाळी बंदी उठायला दोन दिवस होते. संपलेल्या परवान्यांची यादी कॉम्प्युटरवरून काढून मी फळ्यावर लावली. यादीतल्या होडीला समुद्रात जायचं टोकन मिळत नाही. तासाभरात एक म्हातारे नाखवा परवाना नाचवतच आत आले.

"पोरी, माझा परवाना अजून चार वर्सं हाय. होडी यादीत कशी?"

परवान्यावर मार्च २०३०. माझ्या पडद्यावरही ३१/०३/३०. तरी होडी यादीत. मनातल्या मनात गावाकडची पिशवी भरायलाही घेतली.

हेडक्लार्क बाई उठून आल्या. ओरडल्या नाहीत. चष्मा पुसून म्हणाल्या, "साल पूर्ण दिसू दे बघू."

मी रकान्यात साल चार आकडी दिसेल असं केलं. १९३०!

"नाखवा, तुमचा परवाना इंग्रजांच्या काळातच संपलाय की!"

"बाई, होडी म्हातारी हाय, पन इतकी न्हाय!"

सगळे हसले, मी सोडून. बाईंनी २९ टाकून पाहिलं, २०२९ झालं. ३० टाकलं, १९३०. कॉम्प्युटर त्यांनाही कुणी शिकवलेला नव्हता, पण दोन तारखांत त्यांनी त्याची खोड पकडली. तीस साल यंदाच्या परवान्यांतच पहिल्यांदा आलेलं, म्हणून आजवर कुणाला कळलं नव्हतं.

"चूक ऑफिसची आहे," त्या नाखव्यांना म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मी अजून विसरले नाही.

मग मला म्हणाल्या, "तीस आणि पुढचे सगळे शोध. हे रजिस्टर तुझ्याइतकं कुणाला पाठ नाही."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी सहा होड्या सापडल्या. नवी यादी फळ्यावर लागली, खाली बाईंची सही.

बंदी उठली त्या सकाळी नाखव्यांची होडी बाहेर पडेपर्यंत मी धक्क्यावर थांबले. ऑफिसात आले, तर रजिस्टराच्या नव्या पानावर बाईंनी सालाचा रकाना रुंद आखून ठेवला होता. पहिली तारीख मला लिहायला सोडली होती.