मॅडमच्या कपाटातला पासपोर्ट

"अहो, तो कप नको!"

मॅडम ओरडल्या. पाहुण्यांच्या हातातला कप त्यांनी हिसकावून घेतला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. पाहुण्यांचे दोन घोट घेऊन झाले होते.

तो माझा कप होता. कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेला. घाईत मीच तो ट्रेमध्ये ठेवला होता.

शुक्रवारची दुपार, आखातातल्या हवल्लीतला फ्लॅट. सर पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनिअर. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं करायला मी सरांच्या व्हिसावर आलेली. आडनावावरून माझी जात त्यांना विमानतळावरच कळली. दुसऱ्या दिवशी माझ्या कपावर ठिपका आला.

त्यांची सातवीतली सई पाहुण्यांना शाळेचं प्रेझेंटेशन दाखवत होती. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती. ती थांबली.

"बट व्हाय, ममा?"

"हायजीन, बेटा. कंटिन्यू."

पाहुणे रुमालाने ओठ पुसत हसले.

ते प्रेझेंटेशन मीच करून घेतलं होतं. मी इतिहासात बी.ए. आहे, हे त्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. ओट्याशी बसून आम्ही नकाशा रंगवला. दक्षिणेत तंबाखू, भात, नीळ आणि राबणारे गुलाम. उत्तरेत जहाजं, मासे, रम.

"मावशी, नॉर्थवाले गुड होते ना?" सईने विचारलं होतं.

"गुलाम त्यांच्याकडेही होते गं. वर जहाजातून माणसं आणून विकायची, मळ्यांना मासे पुरवायचे, आणि करून सवरून नामानिराळं राहायचं."

निसर्गदत्त हक्कांची स्लाइड तिने स्वतः लिहिली. जन्मतःच असतात, कुणी देत नाही, कुणी काढून घेऊ शकत नाही. आता ती तेच वाचत होती. तेच हक्क लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम होते, हेही तिने वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीसुद्धा.

मी गुलाम नाही. मला कुणी बाजारात विकलं नाही, मी सही करून आले. गुलामांच्या पाठीवरचे वळ मी माझ्या नावावर सांगणार नाही. पण माझा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, आणि मी दीड वर्ष घरी फोनवर सांगत होते, "सांभाळून ठेवलाय त्यांनी." माझीच मला लाज वाटली. मी पुढे झाले.

"मॅडम, माझा पासपोर्ट द्या."

"आत्ता? पाहुणे बसलेत गं."

"आत्ता."

सर म्हणाले, "तुला घरच्यासारखं ठेवलं ना आम्ही?"

"घरच्यांचे पासपोर्ट पण कुलपात असतात का, सर?"

पर्समधून किल्ली काही निघाली नाही.

पासपोर्ट असा ठेवून घेणं इथल्या कायद्यातही बसत नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी सांगितलं, पत्ताही दिला. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी; रविवारी कामगार कचेरी उघडेल. आजोबांना पेज भरवून मी निघणार. अरबी येत नाही. हिंदीत सांगेन. पुन्हा पुन्हा सांगेन. मायदेशी परत पाठवतील? पाठवू देत. पण तिथे मी विनंती करायला जात नाहीये. तक्रार करायला जातेय.