ऐकू येतंय का?

अगं, हा निरोप फोन कानाशी धरून ऐक. आई रुसलीय म्हणून बोलत नाही, असं तुला वाटलंच कसं? आमच्या वलवणच्या वृद्धाश्रमात इंटरनेट फोनचा सर्व्हर फायरवॉलच्या आत घेतला, तेव्हापासून तुझा आवाज मला यायचा, माझा तुला पोचायचा नाही.

परवा वडगावचा एक माणूस आला. त्यानं फायरवॉल तशीच ठेवून आवाजापुरती वाट मोकळी केली. मग एकेक फोन लावून "ऐकू येतंय का?" विचारायचा, पलीकडून हो आलं की ठेवून द्यायचा.

"अहो, बोला की दोन शब्द!" मी म्हटलं.

रिसीव्हर शर्टाला पुसत म्हणाला, "मावशी, दिवसभर एवढंच इचारतो. म्होरं काय बोलायचं, ते इसरलोय."

मी हसले. पण काल तुझा फोन आला, ऐकू येतंय म्हणून झालं, आणि आपणही दोघी गप्पच. समोर बसलीस की सुचेल. लवकर ये गं.