तुले लिंबू कलर नाई शोभत

देवानं माणसाला नाक, डोळे, कान दिले आणि रंग द्यायचं काम अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदेकडे सोपवलं, असं आमच्या घराण्यात सगळेच मानतात. नणंद स्वतः तर यात देवाचाही फारसा वाटा मानत नाही. आम्ही अमरावतीचे, पण आमच्या घरात साडी, शर्ट, परकर, एवढंच काय खिडकीचा पडदासुद्धा अकोल्याला जाऊन आल्याशिवाय अंगाला किंवा खिडकीला लागलेला नाही. दुकानदार आम्हाला पसंतीवर साड्या देतो, त्या पिशवीत घालून आम्ही एसटीनं अकोल्याला नेतो, नणंद त्या ओट्यावर भर दुपारच्या उन्हात एकेक करून आमच्या हनुवटीखाली धरते, आणि मग एक डोळा बारीक करून निकाल देते. त्या निकालावर अपील नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. "ट्यूबलाइटमंदी म्हैसबी गोरी दिसते," असं तिचं म्हणणं.

तिच्या शास्त्रात माणसं गोरी-काळी नसतात, पिकं असतात. कोणी कपाशी, कोणी ज्वारी, कोणी तूर, कोणी हरभरा. कपाशीवर भडक रंग टाकला की आतली सरकी दिसते म्हणून कपाशीनं फिकं घालावं. हरभऱ्यानं मातीच्या रंगात राहावं. आमच्या ह्यांना तिनं लहानपणीच तुरीचं टरफल ठरवलं आणि तेव्हापासून ह्यांचे सगळे शर्ट विटकरी. ढीग कपाटात रचला की कोणी बांधकाम काढलंय असं वाटतं. एकदा अमरावतीच्या गाडीत तिनं कंडक्टरला तिकिटाआधी पीक सांगितलं. "ज्वारी हायेस तू, बाबू. खाकी मरते तुह्या आंगावर. वर अर्ज कर एखादा." गाडी हसली. तो बिचारा लाजून लाल झाला, तर ही म्हणाली, "हे पाह्य, हा रंग शोभते तुले!"

सगळ्या पिकांत तिला मान उडदाचा, कारण ती स्वतः उडीद. तिच्या तरुणपणी तिला बघायला लोक यायचे तेव्हा घरचे तिला फिकट साडी नेसवून, पावडर थापून बसवायचे आणि लोक चहा पिऊन "कळवतो" म्हणून जायचे. एकदा तिनं पावडरचा डबा विहिरीत टाकला आणि आईची राणी कलरची साडी नेसून पाट ओढून बसली. त्या दिवशी आलेला मुलगा चहा प्यायचाच विसरला. तो पुढे तिचा नवरा झाला आणि शेवटपर्यंत तिच्याकडे बघताना चहा गार करून पीत राहिला. "उडदावर जो रंग चढते, तो कपाशीच्या बापावर चढत नाई," हे वाक्य ती तेव्हापासून म्हणते, आणि गावातल्या कितीतरी सावळ्या पोरी ते ऐकून ताठ मानेनं बोहल्यावर चढल्या आहेत.

मी मात्र तिच्या शास्त्रातला हुरडा, म्हणजे ज्वारीचं हिरवं कोवळं कणीस. मला पाहायला ही माझ्या माहेरी दर्यापूरला आली, माझी हनुवटी धरून माझं तोंड उन्हाकडे वळवलं आणि म्हणाली, "हुरडा हाय. कोवळा." मी मूर्ख, कौतुक समजून लाजले. खरं तर तेव्हाची मी म्हणजे एक नगच होते. सोयरिकीच्या कागदावर वडिलांनी ‘गव्हाळ’ लिहिलं होतं, ते मी खोडून ‘निमगोरी’ केलं होतं, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जगात मला शोभणारा रंग एकच, लिंबू कलर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी लिंबू कलरची साडी, लिंबू ब्लाउज, लिंबू बांगड्या, लिंबू रिबीन आणि वर शेवंतीची वेणी अशी अंगणात अवतरले. चालत नव्हते, तरंगत होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "सूनबाईची कावीळ उतरवून आणली का?" आणि नणंद भाऊबिजेला आलेली, तिनं मला वरून खाली पाहिलं आणि आत हाक मारली, "हिले उसाचा रस पाजा बाप्पा कोनी!" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. डोळे पुसले तर सगळी पावडर पदरावर आली, म्हणजे ती साडीसुद्धा माझ्यापेक्षा निमगोरी झाली. नणंद मागून आली, माझ्या शेजारी बसली. "शालू, हुरडा हिरवट असते वं. त्याच्यावर पिवळं टाकलं का तो आजारी दिसते. तुले लिंबू कलर नाई शोभत, त्याले मी काय करू?" मग तिनं स्वतःच्या ट्रंकेतली मोरपंखी साडी माझ्या मांडीवर ठेवली. मोरपंखीनं मला आयुष्यभर सांभाळलं. पण दुकानात गेले की माझी बोटं अजून लिंबू कलरवर जातात, आणि कोणी पाहिलं तर मी झुरळ झटकल्यासारखं करते.

आता इतकी वर्षं न चुकलेल्या माणसानं एक दिवस माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला घरातल्या सगळ्या बायकांसाठी आमसुली साड्या पसंत केल्या. "आमसुली शोभत नाई असं पीकच नाई." गठ्ठा उघडला, तर आतून जांभळा रंग ओरडतच बाहेर आला. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "आई, हे आमसुली आहे?"

"आत्यांनी म्हटलं ना? मग आमसुलीच."

फोटोत आम्ही पिकलेल्या जांभळाच्या झाडासारख्या दिसतो. मला वाटलं, नणंद म्हातारपणी फॅशनेबल झाली असेल. त्यानंतर ती कुठलीही पांढरी साडी पाहिली की "हे पांढरं नोय, मोतिया हाय" म्हणून दुकानदाराशी भांडायला लागली, आणि दुकानदारही तिच्याशी कोण वाद घालणार म्हणून "मोतियाच, मावशी" म्हणायचा.

अशात माझ्या नातीचं लग्न ठरलं. ही अमरावतीला नोकरी करते आणि हल्लीच्या पोरींप्रमाणे काहीही मोबाइलवर विचारून करते. तिनं म्हणे कुण्या बाईकडून आपल्याला कोणते रंग शोभतात याची तपासणी करून घेतली. पर्सनल कलर अ‍ॅनालिसिस. त्यात माणसाचे ऋतू असतात. मी म्हटलं, ही गोष्ट अकोल्याला गेल्याशिवाय पूर्ण होत नाही. म्हणून आम्ही दोघी त्या तपासणीतल्या रंगीत फडक्यांचा गठ्ठा घेऊन नणंदेच्या ओट्यावर हजर झालो.

"मी ऑटम आहे, आत्याआजी."

"म्हंजे?"

"म्हणजे शरद... नाही, पानगळ."

"लगनाच्या आंधीच झडून राहिली का वं पोरगी?"

नात हसली आणि समजावू लागली. मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर माणूस वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल. नणंद म्हणाली, "शिरा पाहाले मी काय कंपाउंडर हाय?" पण तिलाही राहवेना. तिनं नातीचं मनगट पाहिलं: हिरवं. माझं पाहिलं: हिरवं. स्वतःचं पाहिलं, दाराशी भाजी घेऊन आलेल्या माळणीचं पाहिलं, सगळं हिरवं. "पाह्य, आपल्या इकडं सारेच वारम! ऊनच तसं हाय." मग नातीनं फडकी काढली. गडद निळं धरलं, तर नणंद दचकली. "लगनाच्या घरात काळं काहून आणलं वं?" जांभळं धरलं. "हा आमसुली. बेस हाय." पांढरंशुभ्र धरलं. "मोतिया."

नात मोठ्यानं हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी त्या जांभळ्या फडक्याकडे पाहत होते. नणंदेला आमच्या गप्प बसण्याची सवय नाही. तिनं एकदा नातीकडे, एकदा माझ्याकडे तोंड फिरवलं आणि फडकी गोळा करायला लागली. "ऊन उतरलं. रंग पाहाची वेळ गेली."

ऊन डोक्यावर होतं.

डॉक्टरकडे न्यायला आम्हाला खोटं सांगावं लागलं की चष्म्याची काडी बदलायची आहे. डॉक्टर तरुण आणि हिंदी मिसळून बोलणारा. तपासून म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत मोतिया आहे, आजी. पिकलेला आहे."

नणंदेनं विजयानं आमच्याकडे पाहिलं. "मंग मी कायले बोंबलून राहिली होती? मोतियाच हाय! कोनी आयकतच नाई!"

ऑपरेशनला मात्र ती तयार होईना. डोळ्यात कोणी चाकू घालू देते का, वगैरे. दिराची पोरं समजावून थकली. मी गेले तेव्हा शेजारची नवी सून साडी दाखवायला आली होती. नणंदेनं साडीला हातही लावला नाही. "तुले आवडली ना? मंग घे," म्हणाली. ती पोरगी आनंदानं गेली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मला एकदम कळलं की तिला चाकूची भीती नाही. डोळे उघडले की मागचं सगळं खरं खरं दिसेल, याची आहे. आणि ती अशीच ओट्यावर हात बांधून बसली, तर डोळ्यांआधी तीच विझेल.

अमरावतीला परतल्यावर मी हे नातीला सांगितलं, तर ती दुसऱ्याच दिवशी एकटी अकोल्याला गेली, आणि काय झालं ते मला नंतर तिनंच सांगितलं.

"आत्याआजी, माझा शालू तुम्ही निवडल्याशिवाय मी घेणार नाही."

"तुह्या मोबाइलवाल्या बाईले पूस."

"ती बाई मला पानगळ म्हणाली. तुम्ही सगळ्या खानदानाला पीक दिलंत. मला अजून सांगितलंच नाही."

नणंदेनं नातीचा चेहरा हातांनी चाचपला. मग म्हणाली, "तुह्यं पीक मले नीट दिसलंच नाई, पोरी. तू मोठी झाली, अन् माह्या डोयाम्होरं सारं धुकं." आणि थोड्या वेळानं, "डॉक्टरले सांग, पह्यले उजवा कर म्हना. रंग मी उजव्यानंच पाह्यतो."

दोन्ही डोळे झाले, काळा चष्मा गेला, तेव्हा पहिलं भांडण तिनं स्वतःच्या भिंतीशी केलं. "ह्या भिताडाले निळा कलर कोनं देल्ला?" तिनंच दिला होता, पिस्ता म्हणून. मग नातीला ओट्यावर उभं केलं, हनुवटी धरली, एक डोळा बारीक केला. "संत्रं. अंबिया बहाराचं, दिवाळीच्या तोंडी पिकते ते. डाळिंबी घे शालू, अन् पावडर लावशीन तं विहिरीत टाकीन." डबा की नातीला, ते तिनं स्पष्ट केलं नाही. मोबाइलवालीनंही डाळिंबीच सांगितला होता, पण ते आम्ही नणंदेला अजून कळू दिलेलं नाही.

आत भिंतीवर साखरपुड्याचा फोटो होता. तो भिंतीवरून उतरवायला मी विसरले होते. नणंद त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सारं खानदान जांभळं.

"हे कोनं निवडलं?" तिनं हळूच विचारलं.

"मी," मी म्हटलं. "तुम्ही आमसुली म्हणाल्या होत्या. मीच दुकानात घोळ केला."

ती माझ्याकडे वळली. "खोटं बोलतानी तुहे कान लाल होतात, शालू. अन् लाल तुले शोभत नाई." मग पुन्हा फोटोकडे पाहिलं. "सारेच्या सारे घालून बसले. एकबी नाई बोललं?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हटलं, म्हणून शोभलं आम्हाला."

तिनं माझा हात धरला आणि ओट्यावर आणलं. दुपारच्या उन्हात माझा चेहरा वळवला आणि पाहत राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला नीट पाहिलंच नव्हतं, हे तिच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं. माझे केस, गाल, मान. "अवं," ती म्हणाली, "तू तं पार कडबा झाली वं!"

कडबा म्हणजे कणसं काढून घेतल्यावर उरलेली ज्वारीची वाळकी ताटं; मी भांडायला तोंड उघडलं. पण ती नातीच्या गठ्ठ्यातून एक फडकं उपसत होती. ते तिनं माझ्या हनुवटीखाली धरलं. लिंबू कलर.

"हुरड्यावर नोता चालत," ती म्हणाली. "कडब्यावर चालते. आता घाल."

ऊन खरोखर उतरेपर्यंत तिनं ते फडकं काढलं नाही. मीही मान खाली घातली नाही.