खरवस आणि दोन करडं

जमीलाबी दोन करडं गोणपाटात गुंडाळून दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. मी आत कॉम्प्युटरसमोर होते. पुण्यातल्या एका मांजरीच्या पिल्लाला सोयाबीनचं दूध चालेल का, या विषयावर तिसरा परिच्छेद टाइप करत होते.

"मॅडम, बाई बसून हाय भायेर," वानखडे म्हणाले. वानखडे म्हणजे आमचे ड्रेसर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं, आणि मॅडमवर लक्ष ठेवणं ही त्यांची कामं. शेवटचं काम सरकारने दिलं नव्हतं.

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

"मघाशी बी पाचच म्हणल्या होत्या."

मी जनावरांची डॉक्टर. गावात म्हणायचे, ढोरायची डॉक्टरीन. शिकले अकोल्याला, घर अमरावतीला, आणि त्या वेळची नेमणूक मोर्शीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथे मला ओळखणारे लोक अजून आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

ती वऱ्हाडातली वाईट वर्षं होती. सरकार घरोघर दुभती जनावरं वाटत होतं आणि त्यांच्या नोंदी ठेवायला आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला होता. टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट यायचं. नोंदी दहा मिनिटांत व्हायच्या. उरलेल्या वेळात या सेहेचाळीस वर्षांच्या शहाणीने बायकांचा एक गप्पांचा ग्रुप शोधून काढला. पुण्याच्या, नागपूरच्या, दोघी-तिघी पार अमेरिकेच्या. आज डब्याला काय, मेथी कडू लागते तर काय घालावं, कुत्र्याचे केस गळतात, नवरा घोरतो. सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. माझी नात आज मला म्हणते, "आजी, किती वेळ फोनमध्ये असतेस!" तिला काय माहीत, आजीने हा कारखाना कधी काढला ते.

गावात मी ढोरायची डॉक्टरीन होते. ग्रुपवर मी 'डॉक्टरताई' होते. फरक मोठा होता. गावात लोक पहाटे दार वाजवायचे आणि म्हैस उठत नाही म्हणायचे. ग्रुपवर लोक "किती छान समजावता हो!" म्हणायचे.

त्या दिवशी पुण्याच्या बाईंना गटारात मांजराचं पिल्लू सापडलं होतं. गाईचं दूध दिलं तर त्याला जुलाब होत होते. एक म्हणे सोया मिल्क द्या, दुसरी म्हणे बदामाचं दूध, तिसरी म्हणे वरणाचं पाणी. मी सगळ्यांना शांत केलं. सोयाबीनच्या दुधावर मांजर जगत नाही, ते प्रोटीन तिच्या कामाचं नाही, असं लिहिलं. शेळीचं दूध मिळालं तर सोनं, त्यात अंड्याचा पिवळा बलक, किती थेंब, किती तासांनी, किती कोमट, सगळं. शेवटी असंही लिहिलं की अनाथ पिल्लाच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची असते.

आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं. त्या आठवड्यात लाईट साडेबाराला जायची. म्हणून माझी घाई चालली होती. मांजरीसाठी.

तासाभराने मी बाहेर आले.

जमीलाबी बाजाराच्या दिवशी बांगड्या विकायची आणि घरी एक शेळी पाळायची. शेळीच्या दुधावर घराचा चहा आणि तिच्या लहान नातीची वाटी चालायची. शेळी पहाटे व्याली होती आणि उजाडायच्या आत मेली होती.

"फजरच्या वक्ताले दोन पिल्लं झाले मॅडम. दोनी पाठी हायेत. अन् बकरी गेली. खून थांबलंच नाई."

पाठी म्हणजे माद्या. दोन माद्या म्हणजे वर्ष-दोन वर्षांत पुन्हा शेळ्या. नाहीतर घरात काहीच नाही. हे तिने सांगितलं नाही, मला कळायला पाहिजे होतं आणि कळलंही.

"चीक पाजला का?"

"कुठून पाजू? कास दगडावानी झालती. पिळलं तं रगत येऊन राह्यलं."

चीक म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध. पिवळं, घट्ट. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची काहीच ताकद नसते. ती आईकडून चिकातून येते. आणि तिला वेळेची अट असते. पहिल्या काही तासांत पिल्लाचं आतडं ती ताकद जशीच्या तशी आत घेतं. मग ते दार हळूहळू बंद होत जातं आणि दिवसाभरात पुरतं बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी पोट भरतं, बाकी काही होत नाही. शेळीचा नसला तर गाईचा चालतो, म्हशीचा चालतो. पण चीक पाहिजे.

मी करडांच्या तोंडात बोट घातलं. गार होतं. मोठी पाठ तरी बोट चोखत होती, लहान नुसती पडून होती.

"आधी गरम ठेव यांना. चुलीजवळ. आणि गावात कुणाची गाय, बकरी व्याली असेल तर चीक माग. लवकर."

"दवाखान्यात नाई भेटत का?"

"दवाखान्यात औषधं असतात जमीलाबी. चीक कुठून असणार?"

आता ऐका. माझ्या पाठीमागे, पाच पावलांवर, लसी ठेवायचा फ्रिज होता. त्यात लसींच्या बाजूला, नियमाच्या विरुद्ध, कडीचा स्टीलचा डबा होता. त्यात दीड लिटर चीक होता. पहिल्याच धारेचा, हळदीसारखा. गुलाबरावांची गाय आदल्या रात्री व्याली होती. तिच्या आजारपणात मी दोनदा गेले होते, म्हणून तो माणूस सकाळीच प्रेमाने डबा देऊन गेला होता. आणि मी सकाळीच ग्रुपवर लिहून टाकलं होतं: आज आमच्याकडे खरवस, अगदी गावचा, फोटो टाकते. अमेरिकेच्या बाईंनी रडका चेहरा पाठवला होता. त्यांना दहा वर्षांत खरवस मिळाला नव्हता.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगितलं की त्या क्षणी डबा मी विसरले होते. कामाच्या गडबडीत माणूस विसरतो. आता या वयात खोटं बोलायला स्वतःशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि माझाही त्यावर विश्वास बसत नाही. मी विसरले नव्हते. मला वाटलं, एवढं मोठं गाव आहे, मिळेल हिला कुठेतरी. बस. एवढाच विचार केला होता.

वानखडे दारात उभे होते. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी केसपेपरकडे पाहिलं.

जमीलाबी करडं पोटाशी धरून गेली.

साडेबाराला लाईट गेली. मी मागच्या क्वार्टरमध्ये खरवस लावला. गूळ, वेलची, थोडं जायफळ. चांगला झाला. सुरीने कापला तर कडा उभ्या राहिल्या. मोबाईलवर फोटो काढला, लाईट आल्यावर टाकायला. ताटली घेऊन दवाखान्यात आले आणि वानखड्यांपुढे धरली.

"नोको मॅडम."

"अहो, घ्या ना. तुम्हाला आवडतो."

"पोट भरलं हाय."

ते डबा आणत असत आणि दोनला जेवत. दीड वाजला होता.

तीनच्या सुमारास जमीलाबी परत आली. या वेळी करडं नव्हती, एकटीच होती. चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. अख्खं गाव फिरली होती. कुणाची शेळी आठ दिवसांपूर्वी व्यालेली, कुणाची अजून महिनाभराने व्यायची. शेवटी कुणीतरी तिला गुलाबरावांच्या गोठ्यात पाठवलं होतं.

"मॅडम, गुलाबराव म्हणे, वासराले पाजून उरला तो चीक तुमाले देल्ला."

टेबलावर ताटली होती. वर झाकणही नव्हतं.

मी काय बोलावं? माफी मागता आली असती. खरं सांगता आलं असतं. माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिताना आजही पेन उचलून ठेवावंसं वाटतं. मी ताटली तिच्यापुढे केली आणि म्हणाले, "घे ना, खरवस घे."

तिने ताटलीकडे पाहिलं. हात लावला नाही. रागावलीही नाही. खरंच माहिती विचारल्यासारखी म्हणाली, "याले वापस पातळ करता येते का, डॉक्टरीन बाई?"

नाही येत. का येत नाही ते मला उत्तम माहीत होतं. चीक गरम केला की घट्ट होतो तो त्यातल्या प्रोटीनमुळे. पिल्लाला वाचवणारी ताकदही त्याच प्रोटीनमध्ये असते. आचेवर ती मरते. खरवसाच्या वड्या इतक्या सुंदर पडल्या होत्या, याचा अर्थ त्या दोन पाठींना जे पाहिजे होतं ते त्यात भरपूर होतं आणि मी ते शिजवलं होतं.

"नाही येत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

"थांब. बस. मी करते काहीतरी."

"आता काय करता?" हे वानखड्यांनी विचारलं.

मग मी डॉक्टर झाले. सकाळी साडेदहाला व्हायला पाहिजे होते ती दुपारी तीनला झाले. दूध, पाणी, एक अंडं, अर्धा चमचा एरंडेल तेल, असं मिश्रण बाटलीत भरून तिला दिलं. चीक नसला तर हे पाजतात. पोटाला आधार होतो, पण रोगाशी लढायला यातून काही मिळत नाही. मग वानखड्यांना मागे बसवून स्कूटर काढली. शेंदूरजनाघाटच्या रस्त्याला एका संत्र्याच्या बागेत म्हैस व्याल्याचं त्यांना ठाऊक होतं.

"हे सकाळीच का नाही सांगितलंत?" मी स्कूटरवरून ओरडले.

"सकाळी तुमीच म्हणल्या, दवाखान्यात औषधं असतात म्हणून. म्या म्हटलं, मॅडम शिकेल हायेत."

बागवाल्याने तांब्याभर चीक दिला. जमीलाबीच्या घरी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. जन्माला बारा तास उलटून गेले होते. मोठी पाठ बाटलीला लागली. लहानीला चोखता येत नव्हतं, तिला नळीने पाजलं. नात शेजारी बसून दोघींच्या पाठीवरून हात फिरवत होती. जमीलाबीने मला चहा विचारला नाही. दूधच नव्हतं घरात, पण ती दुसऱ्या दिवशी पाणीही विचारणार नव्हती, हे मला कळलं.

मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गेले. लहान पाठ तिसऱ्या दिवशी जुलाबांनी मेली. मोठी जगली.

आमच्याकडे प्रत्येक केसची नोंद करावी लागते. मृत्यूचं कारण या रकान्यात मी लिहिलं: 'जन्मल्यावर चीक न मिळाल्याने. चीक उपलब्ध नव्हता.'

वानखडे खांद्यामागून वाचत होते. "शब्द बरोबर हाय का मॅडम?"

"कोणता?"

"तो नव्हता वाला."

मी वही मिटली. पुढच्या महिन्यात अमरावतीचे साहेब तपासणीला आले. त्यांनी तीच केस वाचली. उपचाराच्या रकान्यात मी स्कूटरचाही उल्लेख केला होता.

"दुसऱ्या गावाहून चीक आणलात? स्वतःच्या स्कूटरवर?"

"हो सर."

"व्हेरी गुड. एवढं कोण करतं हल्ली?"

वानखडे फ्रिज पुसत होते. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत होते. मी साहेबांना "थँक यू सर" म्हणाले. ती नोंद मी दुरुस्त केली नाही. वही कुठल्यातरी कपाटात असेलच अजून.

ग्रुपचंही सांगून टाकते. फोटो मी टाकला. होय, टाकला, त्याच संध्याकाळी, लाईट आल्यावर. चीक पाजून आलेल्या हातांनी. पन्नास बायकांनी वाहवा केली. पुण्याची मांजर ठणठणीत झाली आणि बाईंनी तिचं नाव माझ्यावरून ठेवलं. त्यानंतर महिनाभरात मी ग्रुप सोडला. कुणी कारण विचारलं तर सांगायचे, इकडे नेट फार स्लो आहे हो.

जमीलाबी दवाखान्यात येत राहिली. मोठ्या पाठीला जंताचं औषध, लस, खुराचं दुखणं, सगळ्याला यायची. पण माझ्याशी बोलायची नाही. मी खुर्चीत बसलेली असायचे, ती वानखड्यांना विचारायची, "भाऊ, हे खाऊन नाई राह्यली बरोबर. काहून?"

"मॅडम हायेत ना समोर. त्यायले विचार."

"तुमीच विचारा."

मग वानखडे माझ्याकडे वळून तोच प्रश्न मला विचारायचे. मी वानखड्यांना उत्तर द्यायचे. वानखडे ते तिला सांगायचे. तिघं एका टेबलाभोवती, दोन हातांच्या अंतरात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, आम्ही तिघं तीन देशांतले आहोत. पाठीची शेळी झाली, व्याली, तिची पिल्लंही आली, तरी आमचा कारभार तसाच चालला. चार वर्षांत मी एकदाच धीर करून म्हणाले, "जमीलाबी, त्या दिवशी माझं चुकलं." ती वानखड्यांना म्हणाली, "भाऊ, औषध दिवसातून किती वेळा द्याचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दोनदा." 

पुढे माझी बदली अकोल्याला झाली, आणि नव्या डॉक्टरांना ट्रेनिंग द्यायचं काम आलं. दरवर्षी तोच धडा. दोन किलोच्या करडाला एका वेळी शंभर मिली चीक, जन्मल्यावर पहिल्या तासात, दिवसात तीनदा. आईचा नसेल तर दुसरीचा. गरम करायचा तर कोमट पाण्यात बाटली धरून, आचेवर कधीच नाही. पोरं-पोरी माना खाली घालून भराभर लिहून घ्यायची. एकदा एका मुलीने हात वर केला. "मॅडम, हे सगळं पुस्तकात आहे. नुसतं पाठ केलं तर चालेल ना?"

मी तिला सांगितलं, त्या दिवशी मलाही पाठ होतं.